पालथं घड्याळ

अध्यक्षीणबाईंनी घडी घातलेला कागद माझ्या टेबलावर उलगडला, तळहाताने सुरकुत्या काढल्या आणि विचारलं, "यात घड्याळाचं कुठं आहे?" मी कागदाकडे पाहिलं नाही. त्यात काय आहे आणि काय नाही हे मला पाठ होतं. सकाळचे साडेदहा वाजले होते, माझा चहा अजून गरम होता. त्या बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं की मास्तरणीचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय, परवा दुपारपासून ती इस्पितळात होती, तारेने दात बांधून आज पहाटे तिला घरी सोडलं, आणि घरात पाऊल टाकल्यावर तिने आधी हा कागद मागितला. तीनदा वाचला आणि समासात पेन्सिलीने एक शब्द लिहिला. समासात खरंच 'घड्याळ' असं लिहिलं होतं, पुढे प्रश्नचिन्ह. मास्तरणीचं अक्षर गोल आणि सावकाश होतं, आजही ते कापलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि जे वाक्य बाहेर आलं ते इतकं तयार होतं की माझी मलाच भीती वाटली. "ओळख पटेल अशा खुणा आपण काढून टाकतो ना," मी म्हणाले, "पुस्तकात तोच नियम होता. हात सवयीने चालला."  अध्यक्षीणबाई नाकातून थोडी हवा सोडून हसल्यासारखं करून म्हणाल्या, "अहो बाई, त्याची ओळख पटावी म्हणूनच तर हा कागद असतो." एवढंच. आरडाओरडा नाही, शिवी नाही. पुस्तकं करणाऱ्यांचं डोकं असंच चालतं, असं म्हणून त्यांनी मला माफही करून टाकलं, आणि चार वाजता वाचन आहे, तेवढ्यात नीट करून आणा, असं सांगून त्या जिना उतरून गेल्या. माझ्या चहावर साय धरली होती.

नियम खरा होता, हीच तर त्यातली सोय. आमचं प्रकाशन छोटं आहे, आणि मी तिथे 'प्राथमिक वाचन' नावाची माला सांभाळते. ज्याला एखाद्या विषयातलं ओ की ठो कळत नाही त्याच्यासाठी सव्वाशे पानांचं पुस्तक. रक्तदाबावर केलं, भाडेकरूंच्या हक्कांवर केलं, आणि या वर्षी देहविक्री करणाऱ्या बायकांचे हक्क आणि स्त्रीवाद यावर चाललं होतं. बस डेपोच्या मागच्या पाच गल्ल्यांतल्या बायकांची संघटना आहे, अध्यक्षीणबाई तिच्या अध्यक्ष, तीस वर्षं हाच धंदा केलेल्या. त्यांच्या खोलीत बसून मी बायकांची कथनं टिपून घेतली आणि मग ऑफिसात येऊन त्यांतल्या खुणा पुसत बसले. गाव काढलं, गोंदण काढलं, मुलांचा आकडा बदलला, दाराचा रंगसुद्धा काढला. अध्यक्षीणबाई एकदा म्हणाल्याही होत्या की तुम्ही आम्हाला नुसतं झाकत नाही, पुसूनच टाकता. दुसऱ्यांदा त्या पहिल्या प्रकरणाचा मसुदा ऐकून म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकात आमच्या बायका एक तर बिचाऱ्या, नाहीतर शूर. मधली एखादी नाही का?" मला ते लागलं होतं. मी ते प्रकरण पुन्हा लिहिलं. या धंद्याला काम म्हणायचं की अत्याचार म्हणायचं यावर स्त्रीवादी बायका चाळीस-पन्नास वर्षं एकमेकींशी भांडताहेत, ते भांडण मी दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे मांडलं, आणि शेवटी लिहिलं की मारहाण हा या कामाचा भाग नाही, मारणाऱ्याचं काही वाकडं होत नाही हा मात्र या कामाच्या परिस्थितीचा भाग आहे. ते वाक्य लिहून झाल्यावर मी खुर्चीत मागे रेलून बसले होते. फार खूष होते मी त्या वाक्यावर.

त्यांनी वेळ दिला, म्हणून बदल्यात मी त्यांचं पत्रक करून द्यायचं ठरलं. त्या त्याला नुसता 'कागद' म्हणतात. महिन्यातून एकदा एका पानावर, मारणाऱ्या माणसांची वर्णनं. नावं नसतात, कारण येणारा खरं नाव सांगतच नाही. चेहऱ्याचंही फारसं नसतं, घाबरलेल्या बाईला चेहरा आठवत नाही. तिला आठवतं ते माणूस स्वतःच्या नकळत काय करतो ते. बूट काढताना आधी डावा काढतो. कडी दोनदा तपासतो. बोलताना जीभ दाढेला लावतो. अशा खुणा बाई सांगते, मास्तरीण लिहून घेते, मी टाईप करून आणते, आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी चार वाजता तो मोठ्याने वाचला जातो, कारण निम्म्यांना वाचता येत नाही. मास्तरीण कधी काळी एका बालवाडीत शिकवायची, म्हणून ती मास्तरीण. कागद तीच वाचते. ओळ वाचते, थांबते, समोरच्या बायका ती ओळ पुटपुटतात, मग पुढची. मास्तरीण या बाबतीत कडक आहे, कोणी मधेच हसली तर तिला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावते.

दोन महिन्यांपूर्वी तिच्या गोल अक्षरातलं एक टिपण माझ्याकडे आलं. एका बाईच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या, एका कानाने ऐकू येईनासं झालं होतं. चौकीत तिला विचारलं गेलं होतं की तू त्याला बोलावलंस की तो आपणहून आला, आणि तिथेच तिची तक्रार संपली होती. टिपण असं होतं: दुपारी येतो. मध्यम उंची. कपडे चांगले. गोड बोलतो, प्यायला पाणी मागतो. मारायच्या आधी हातातलं घड्याळ काढून पालथं ठेवतो, पट्टा दोन्ही बाजूंनी सरळ करतो. मारून झालं की घड्याळ कानाला लावून बघतो. मी ते ऑफिसात, दिवसाउजेडी, पंख्याखाली बसून वाचलं. शेजारच्या टेबलावर कोणीतरी सुट्टीचा अर्ज कसा लिहायचा विचारत होतं, मी त्याला सांगितलं. मग लाल पेन उचललं आणि शेवटची दोन वाक्यं खोडली. ओळख पटेल अशी खूण. उरलं ते असं: दुपारी येतो, मध्यम उंची, कपडे चांगले, गोड बोलतो, पाणी मागतो. या वर्णनाची माणसं आमच्या ऑफिसातच चार आहेत. मास्तरणीने तो महिना अंग मोडून येणाऱ्या तापात काढला, मूळ टिपण तिच्या डोक्यातून गेलं, बरगड्या मोडलेली बाई बरी होईपर्यंत गावी गेली होती, त्या महिन्यात आणि पुढच्याही महिन्यात तिने माझा छापील कागद वाचला, बायकांनी तो पाठ केला. आणि परवा दुपारी तिच्याच दारात एक गोड बोलणारा माणूस उभा राहिला.

मी घड्याळ वापरत नाही. लोकांना वाटतं ही माझी काहीतरी ऐट आहे. आमच्या घरात एकच घड्याळ होतं, बाबांच्या मनगटावरचं, पाणीपुरवठा खात्यात वीस वर्षं झाली म्हणून मिळालेलं, किल्लीचं. बाबा आधी बक्कल सोडायचे. त्याचा आवाज म्हणजे नखाने नख उडवावं एवढाच, पण तो आवाज झाला की आई कुठेही असो, हातातलं ठेवून उठायची आणि खिडकी लावायची. स्वतःच लावायची. मग बाबा घड्याळ कपाटावर पालथं ठेवायचे, पट्टा सरळ करायचे, घाई करायचे नाहीत. मला तेव्हा वाटायचं की घड्याळाने बघू नये म्हणून ते पालथं घालतात. मी दहा वर्षांची, सोन्या पाच. मी त्याला ओढून टेबलाखाली घ्यायचे आणि त्याच्या डोळ्यांवर माझे तळवे घट्ट दाबायचे. कान झाकायला हात उरायचे नाहीत. बाबा आईला केसांना धरून भिंतीशी न्यायचे, डोकं आपटायचे ते एका ठरावीक अंतराने, आणि आई ओरडायची नाही, फक्त दर वेळी तिच्या घशातून हवा निघायची. एकदा मोरीत तिचा दात सापडला, मी तो नळाखाली धरून वाहून जाऊ दिला. एकदा तिचं मनगट उलटं वळलं तेव्हा सुकं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला आणि सोन्याने माझ्या हाताला आतून चावा घेतला, त्याचा व्रण अजून आहे. सगळं झालं की बाबा घड्याळ उचलून कानाला लावायचे, चालतंय ना बघायचे, आणि पाणी मागायचे. मी आयुष्यभर हे मनाशी धरून होते की निदान सोन्याला मी काही बघू दिलं नाही. पण त्याच वर्षी केव्हातरी, दात घासता घासता, तो मला म्हणाला होता, "ताई, काल बाबांनी पट्टा सरळ नाही केला." माझ्या बोटांमधून त्याला सगळं दिसत होतं. त्याने नुसतं पाहिलं नव्हतं, तो क्रम शिकत होता. हे मला तेव्हा कळलं होतं का? कळलं असणार. मी त्याला चूळ भरायला सांगितली.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. जगात आता तिघांनाच ती पद्धत माहीत आहे, आणि त्यातल्या दोन बायका आहेत.

नवा कागद टाईप करायला मला पाच मिनिटं लागली असती. दोन वाक्यं परत घालायची, चार वाजता नेऊन द्यायचा, संपलं. माझी चूक पुस्तकी चूक ठरली होती, कोणाला काही कळणार नव्हतं. तरी मी जेवणाच्या सुट्टीत सोन्याच्या घरी गेले. खात्री करून घ्यायला चाललेय असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला खोटं पडायचं होतं, सपशेल. सोन्याचं पडद्याच्या कापडाचं दुकान आहे, ते एक ते चार बंद असतं, तेवढा वेळ तो घरी येतो, कधी येत नाही. आई त्याच्याकडेच राहते. बायको दोन वर्षांपूर्वी निघून गेली, आईच्या मते तिला जुळवून घेता आलं नाही. दार त्यानेच उघडलं. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, पोट सुटलेला, अजून सोन्याच. "ताई, जेवूनच जा," म्हणाला आणि माझी पिशवी हातातून घेतली. तो आईसाठी संत्रं सोलत होता. फोडींवरची पांढरी शीर न शीर काढून तो एकेक फोड तिच्या ताटलीत ठेवत होता, कारण तिला शिरा चावत नाहीत. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी होती. मनगटावर बाबांचं घड्याळ, पट्टा नवा. बोटांना काय झालं विचारलं तर दुकानाचं शटर लागलं म्हणाला. बेसिनवर जाऊन त्याने हात धुतले, त्याआधी घड्याळ काढून खिडकीशी ठेवलं, सुलटं, काच वर.  मी आईच्या ताटलीतली एक फोड उचलून खाल्ली. किती वेडी आहे मी, असं मला वाटलं, आणि वेडी असण्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

त्याने घड्याळ परत घातलं, बसला, माझ्या पुस्तकाची चौकशी केली. तुझ्या त्या बायकांचं कुठवर आलं, असं हसत विचारलं. हक्क दे बाई त्यांना, मी कुठं नको म्हणतोय. मीही हसले. आणि मग मी सहज, खरंच सहज, विचारलं, "परवा दुपारी कुठं होतास? आई म्हणाली जेवायला आला नाहीस." आई असं काही म्हणाली नव्हती.  सोन्याने डाव्या मनगटाकडे उजवा हात नेला. बक्कल सुटल्याचा तो आवाज झाला, नख उडवल्याएवढा. घड्याळ टेबलावर पालथं पडलं, आणि त्याची चिकटपट्टीची बोटं पट्ट्याची एक बाजू सरळ करू लागली, मग दुसरी. मी पट्ट्याकडे बघत होते म्हणून आई केव्हा उठली ते मला दिसलं नाही. एकोणऐंशी वर्षांची माझी आई, गुडघ्यांनी अधू, कोणाचाही हात न धरता उठली, भिंतीला धरून चालत गेली आणि तिने खिडकी लावली. खोलीत रस्त्याचा आवाज बंद झाला. मी पुन्हा दहा वर्षांची, टेबलाखाली होते, माझे तळवे ओले होते. सोन्या माझ्याकडे बघत होता, रागाने नाही, उत्सुकतेने, पुढे काय होतं ते बघावं तसं.  मग त्याने घड्याळ उचललं, कानाला लावलं, मान हलवली आणि विचारलं, "ताई, पाणी देतेस जरा?"

मी पाणी दिलं. हे मला लिहायला हवं. मी उठले, पेला विसळला, भरला आणि त्याच्या हातात दिला.

आई जिन्यापर्यंत आली. माझा दंड तिने धरला, तिच्या वळलेल्या मनगटात अजून एवढी ताकद आहे हे मला माहीत नव्हतं. मी काही बोलायच्या आतच ती हळू आवाजात बोलायला लागली. तो मनाने वाईट नाही, तू बघितलंस ना, माझ्यासाठी किती करतो. बायको गेल्यापासून त्याने घरात आवाज चढवला नाही. "जे असेल ते बाहेर काढून येतो," ती म्हणाली, "म्हणून घरात शांत असतो. तू त्यात पडू नकोस. या वयात मी कुठं जाऊ?" मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, त्या एका नसलेल्या दाताकडे. मला तिची किळस आली, आणि दया आली, आणि दोन्ही एकदम आल्याने मी कठड्याला धरून उभी राहिले. बाहेर. म्हणजे मास्तरणीच्या खोलीत. आईने आयुष्यभर स्वतःच्या डोक्याने झेललेली भिंत आता दुसऱ्या कोणाचं डोकं झेलत होतं, आणि तिला हे माहीत होतं, आणि तिला रात्री झोप लागत होती. मी माझ्या पुस्तकात 'चांगल्या' आणि 'वाईट' बायकांना एकमेकींपासून तोडण्यावर अख्खं प्रकरण लिहिलंय, सोप्या भाषेत, उदाहरणांसकट. त्यात हा जिना नव्हता. आणि आईला कसली नावं ठेवू? ती निदान तोंडाने बोलली. मी तेच लाल पेनाने केलं होतं, नियमाचा आधार घेऊन.

ऑफिसात परत जाऊन मी कागद टाईप केला. दोन वाक्यं जागच्या जागी घातली. मग त्यांखाली आणखी तीन ओळी टाईप केल्या. चौथ्यांदा वाचून त्या तीन ओळी मी पुसल्या. पुन्हा टाईप केल्या. त्याला तुरुंग होईल असं मला वाटत नव्हतं, चौकीचा अनुभव होताच. गल्लीतली माणसं त्याला धरतील, शटरमध्ये बोटं खरंच अडकवतील, डोकं एका ठरावीक अंतराने आपटतील. मला ते दिसत होतं, आणि अगदी खरं सांगायचं तर त्यात कुठेतरी मला बरं वाटत होतं, मग लगेच त्याचे पाच वर्षांचे डोळे माझ्या तळव्यांना आतून लागायचे, पापण्यांची उघडझाप जाणवायची. आईचं काय, हा प्रश्न होताच. माझ्या घरात एक खोली जास्तीची आहे. ती येणार नाही, हेही मला ठाऊक होतं.

चार वाजता संघटनेच्या खोलीत वीस-पंचवीस बायका जमिनीवर बसल्या होत्या. दोन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या, खालून हातगाडीवाल्यांचा गलका येत होता. मास्तरीण भिंतीला टेकून बसली होती. तिचा चेहरा मी ओळखला नसता. एक डोळा मिटलेला, गाल जांभळा होऊन मानेपर्यंत उतरलेला, ओठांच्या फटीतून तारेचं टोक दिसत होतं. तिच्या मांडीवर पाटीऐवजी एक वही होती आणि पेन्सिल. अध्यक्षीणबाईंनी सर्वांना सांगितलं की आज मास्तरणीला बोलता येणार नाही, तेव्हा बाई वाचतील, आणि मागच्या कागदात बाईंकडून चुकून एक खूण राहून गेली होती, ती आज नीट ऐका. चुकून, असं त्या म्हणाल्या. मी वाचायला लागले. दुपारी येतो. बायका पुटपुटल्या. मध्यम उंची. कपडे चांगले. गोड बोलतो, पाणी मागतो. घड्याळ काढून पालथं ठेवतो, पट्टा सरळ करतो. त्या पुटपुटल्या, कोपऱ्यातली बरगड्या मोडलेली बाईही पुटपुटली. मारून झालं की घड्याळ कानाला लावून बघतो. मी थांबले. मग पुढची ओळ वाचली. मी त्याचं नाव वाचलं, आईने ठेवलेलं, संपूर्ण, आडनावासकट. सवयीने दोघी-तिघींनी ते पुटपुटलंही, मग त्या गप्प झाल्या, कारण कागदात कधी नाव नसतं. "हा माझा सख्खा भाऊ आहे," मी वाचलं.

 अध्यक्षीणबाईंनी मान खाली घातली. मास्तरणीची पेन्सिल मात्र हलत होती, गोल, सावकाश. तिने वही उचलून माझ्यासमोर धरली. तुम्हाला कधीपासून माहीत होतं?

मला खोटं बोलता आलं असतं. आज दुपारी कळलं म्हणाले असते तर तेही अर्धं खरं ठरलं असतं. "पहिल्या दिवसापासून," मी म्हणाले. "तुम्ही लिहून पाठवलंत, मी वाचलं, तेव्हाच कळलं. मी मुद्दाम खोडलं."

मास्तरीण भिंतीला धरून उठली. तिला उठायला वेळ लागला, आणि तिला हात द्यायला कोणी पुढे झालं नाही, बहुतेक तिला तो नको आहे हे सर्वांना कळत होतं. तिच्या उजव्या हातात तीन अंगठ्या होत्या. त्यातली एकही न काढता तिने मला मारलं, तोंडावर, पूर्ण ताकदीने, आणि मारताना तिच्याच जबड्यात कळ गेली असणार, कारण तिच्या बांधलेल्या दातांमागून आवाज आला. माझा ओठ फाटला. कागदावर दोन थेंब पडले. मी वाट बघत राहिले, दहा वर्षांच्या मुलीच्या कानांनी, पण खोलीत कोणीही उठून खिडकी लावली नाही. खालचा गलका तसाच वर येत होता. मास्तरणीने कागदावर बोट ठेवलं, शेवटच्या ओळीवर, आणि दोनदा टकटक केलं. पत्ता वाचायचा राहिला होता. मी ओठ पुसला आणि पत्ता वाचला.